बारा सेकंदांची किंमत शून्य: इंजिनिअरने एमबीए का करावं, कधी करू नये आणि करायचंच तर कसं

ऑगस्ट उजाडला आणि कॅटचे (आयआयएमच्या एमबीए प्रवेश परीक्षेचे) फॉर्म सुटले की माझा फोन वाजायला लागतो. कुणाचा मामेभाऊ, कुणाची ऑफिसातली ज्युनिअर, आणि प्रश्न एकच, "दादा, एमबीए करू का?" मी विचारतो, का करायचंय? तर पलीकडे जरा वेळ शांतता आणि मग "इथे ग्रोथ नाहीये ना". दरवर्षी तेच तेच बोलून घसा बसतो म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतोय, पुढच्या वर्षी हेच पाठवून मोकळा.

आधी माझा किस्सा, कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. मी मेकॅनिकलवाला, चाकणला एका कंपनीत प्रोसेस इंजिनिअर होतो, गाड्यांच्या पार्टचं मशीनिंग. एका सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) सायकल टाइम, म्हणजे एक पार्ट व्हायला लागणारा वेळ, ७४ सेकंद होता. मी हायड्रॉलिक क्लॅम्पिंगचं नवीन फिक्स्चर (मशीनवर पार्ट घट्ट धरून ठेवणारा सांगाडा) डिझाइन केलं, सप्लायरकडे ट्रायल घेतली, ६२ सेकंद आले. फिक्स्चरचं कोटेशन ४ लाख २० हजार. दिवसाला ९०० पार्ट गुणिले १२ सेकंद म्हणजे १०,८०० सेकंद म्हणजे रोजचे चक्क तीन तास वाचणार! पीपीटी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि गेलो मीटिंगला. कॉस्टिंगच्या मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "या तीन तासांचं तुम्ही करणार काय?"

मला प्रश्नच कळला नाही. वाचले ना तीन तास, अजून काय करायचंय त्यांचं.

मॅडमनी माझीच प्रिंटआउट उलटी केली आणि मागे आकडे मांडायला लागल्या. ९०० पार्ट, ७४ सेकंद, साडेअठरा तास. तीन शिफ्ट मिळून चहा-जेवण वजा जाता आपल्याकडे असतात साडेबावीस तास, म्हणजे हे मशीन आजच चार तास नुसतं बसून आहे, तुम्ही तीन वाचवलेत तर सात तास बसेल. जास्त पार्ट काढून उपयोग नाही कारण पुढची हीट ट्रीटमेंटची भट्टी दिवसाला ९०० च्या वर घेत नाही आणि गिऱ्हाइकाची ऑर्डरपण तेवढीच. ऑपरेटरचा पगार तोच. मग सव्वाचार लाख घालून वाचलं काय? विजेचे चार पैसे सोडले तर शून्य.

माझा चेहरा बघून त्यांनाच दया आली असावी, कारण पुढचं गणितही त्यांनीच करून दाखवलं. ६२ सेकंदांनी ९०० पार्टना साडेपंधरा तास लागतात आणि दोन शिफ्टमध्ये मिळतात पंधरा, म्हणजे अर्ध्या तासापायी तिसरी शिफ्ट चालवायची. ६० वर आणलंत तर बरोबर पंधरा तास, या मशीनची रात्रपाळी बंद, तो ऑपरेटर जिथे आज ओव्हरटाइम द्यावा लागतोय तिकडे लावता येईल, महिन्याला ४५ हजार तरी वाचतील, नऊ-साडेनऊ महिन्यांत फिक्स्चरचे पैसे वसूल. (टूल बदलणं, मशीन मधेच बंद पडणं हे धरलं तर ६० नाही ५८ लागतील, एवढं मात्र मला त्यांना सांगता आलं, तेवढाच काय तो मान राहिला.) थोडक्यात बारा सेकंदांची किंमत शून्य आणि सोळा सेकंदांची किंमत एक अख्खी रात्रपाळी.

तर इंजिनिअरला एमबीए कशाला हवं याचं माझं उत्तर त्या प्रिंटआउटच्या मागच्या बाजूला आहे. आपल्याला चार वर्षं "कसं करायचं" शिकवतात, "करायचं की नाही" हे ठरवणारी माणसं वेगळ्या खोलीत बसलेली असतात आणि तिथे आपल्याला पाच मिनिटं प्रेझेंटेशनला बोलावतात आणि मग म्हणतात, थँक्यू, तुम्ही निघालात तरी चालेल. तुम्हाला त्या खोलीत बसायचं असेल, निर्णयाची जबाबदारी आणि त्याबद्दलच्या शिव्या दोन्ही घ्यायच्या असतील, तर एमबीएचा विचार करा. आणि लगेच हेही सांगतो की त्या मॅडमनी एमबीए केलेलं नव्हतं, त्या कॉस्ट अकाउंटंट. म्हणजे हे ज्ञान मिळवायला पंचवीस लाख घालावेच लागतात असं काही नाही.

म्हणून फॉर्म भरायच्या आधी हे एक काम करा. तुमचा शेवटचा प्रोजेक्ट घ्या, मशीनचा असो, कोडचा असो की साइटवरच्या स्लॅबचा, आणि एका पानावर लिहा: यात कंपनीचे किती पैसे गेले, कुणाच्या बजेटमधून गेले, बदल्यात काय आलं, कुठल्या डिपार्टमेंटने खोडा घातला आणि का घातला. आकडे माहीत नसतील तर विचारत फिरा, सेल्सवाल्याला चहा पाजा, स्टोअरमध्ये जाऊन बसा. हे करताना मजा आली आणि अजून दोन प्रश्न सुचले तर एमबीए तुमच्यासाठी आहे. कंटाळा आला, आणि हे सोडून कधी एकदा पुन्हा मॉडेलिंगला बसतो असं झालं, तर तुम्ही मनापासून इंजिनिअर आहात, एमटेक करा, एमएस करा, आहे त्यात खोल जा, त्यात काडीचाही कमीपणा नाही. भारत फोर्जचे बाबा कल्याणी पिलानीहून मेकॅनिकल आणि पुढे एमआयटीहून एमएस, एमबीए नाही, आणि त्यांना धंदा कळत नाही असं म्हणायची कुणाची टाप आहे?

दुसऱ्या बाजूची उदाहरणं तर ढीगभर आहेत. आपल्या पुण्याच्या सीओईपीतून मेकॅनिकल केलेले लक्ष्मण नरसिंहन पुढे व्हार्टनला एमबीएला गेले आणि २०२३ मध्ये स्टारबक्सचे सीईओ झाले (वर्षदीडवर्षात पायउतारही झाले, ते एमबीएत शिकवत नाहीत). सुंदर पिचाई खरगपूरचे मेटलर्जीवाले आणि नंतर व्हार्टन, सत्या नडेला मणिपालचे इलेक्ट्रिकलवाले आणि नोकरी करत शिकागोचं एमबीए, टिम कुक इंडस्ट्रियल इंजिनिअर आणि ड्यूकचं एमबीए. ही नावं कोचिंग क्लासच्या भिंतीवर लावायला छान दिसतात पण त्यातून एकच गोष्ट घ्यायची, यातल्या कुणी इंजिनिअरिंग फेकून दिलेलं नाही, त्याच्या डोक्यावर दुसरं काहीतरी चढवलंय.

अजून एक प्रामाणिक कारण आहे आणि ते सांगायला लोक उगाच लाजतात. एमबीए हा आपल्याकडे गाडी बदलायचं जंक्शन आहे. आयटी सपोर्टमधून बँकेत, प्लांटमधून कन्सल्टिंगमध्ये, टेस्टिंगमधून प्रॉडक्ट मॅनेजमेंटमध्ये सरळ उडी मारायला गेलात तर एचआर सीव्ही उघडणार पण नाही, आणि तेच लोक कॅम्पसवर रांगेने येऊन तुमचा इंटरव्ह्यू घेतात. हे कारण चांगलं आहे. वाईट कारणं म्हणजे बॉस खडूस आहे (बॉस बदला, नोकरी बदला, स्वस्तात पडेल), कोडिंगचा कंटाळा आलाय (मार्केटिंगचा येणार नाही कशावरून?), रूममेट करतोय, आणि सगळ्यात धोकादायक, घरी लग्नाचं बघतायत आणि दोन वर्षं पुढे ढकलायचंय. हसू नका, मला हे सांगणारे चार तरी भेटलेत.

आता पैसे. यावर मी जास्त वेळ घेणार कारण इथेच इंजिनिअर पोरं, जी इंटिग्रेशन तोंडी करतात, ती सपशेल झोपतात. अहमदाबादसारख्या वरच्या आयआयएमची दोन वर्षांची फी पंचवीस लाखांच्या आसपास जाते. समजा तुम्ही २० लाख कर्ज काढलं, व्याज १० टक्के, पहिल्या वर्षी १० लाख आणि दुसऱ्या वर्षी १० लाख उचलले. कोर्स चालू असताना हप्ता नसतो पण व्याज चालूच असतं, पहिल्या १० लाखांचं दोन वर्षांचं २ लाख आणि दुसऱ्या १० लाखांचं एक वर्षाचं १ लाख, म्हणजे बाहेर पडता तेव्हा डोक्यावर २३ लाख. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता तीस हजार चारशेच्या आसपास बसतो. आणि हे झालं जे दिसतं ते. आज हातात ५० हजार येत असतील तर दोन वर्षांचे १२ लाख तुम्ही मिळवलेच नाहीत, तेही खर्चातच धरायचे. आता कॉलेजचं पॅकेज बघा, पण ॲव्हरेज बघू नका, मीडियन (रांगेत बरोबर मधल्या पोराचं पॅकेज) बघा, कारण एका पोराला दुबईत कोटीचं पॅकेज लागलं की ॲव्हरेज वर उडी मारतं आणि बाकीचे एकशे एकोणीस आहेत तिथेच असतात. शिवाय सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) म्हणजे हातात पडणारा पगार नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. हातातला पगार आजच्यापेक्षा हप्त्याएवढा आणि वर बऱ्यापैकी वाढणार नसेल तर तो व्यवहार मॅडमच्या भाषेत शून्य सेकंदांचा. मोठ्या आयआयएमना बँका तारण न मागता कर्ज देतात, आणि शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत टॅक्समध्ये सूट मिळते पण फक्त जुन्या पद्धतीने टॅक्स भरलात तर, हे सीएला विचारून घ्या.

आणि म्हणूनच, फक्त आयआयएम आयआयएम करू नका. महाराष्ट्रातल्या पोराला जे घरात आहे ते दिसत नाही. मुंबई विद्यापीठाचं जमनालाल बजाज १९६५ पासून चर्चगेटला आहे, फी मोठ्या आयआयएमच्या जवळपासही नाही आणि कंपन्या त्याच येतात. पवईचं नीटी तर १९६३ पासून इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगसाठीच ओळखलं जायचं, २०२३ मध्ये त्याचं आयआयएम मुंबई झालं, सप्लाय चेन आणि ऑपरेशन्समध्ये जायचं असेल तर प्लांटवाल्याला याच्याएवढं माहेर नाही. नागपूरला २०१५ पासून आयआयएम आहे. पुण्यात विद्यापीठाचं पुम्बा आणि सिंबायोसिस, मुंबईत एसपी जैन, सिडनहॅम, वेलिंगकर. पण खालच्या फळीतली जी कॉलेजं पेपरात अख्ख्या पानाच्या जाहिराती देतात आणि फी मात्र दणकून घेतात तिथे जाण्यापेक्षा नोकरीत राहा, खरंच सांगतो.

कधी करायचं? दोन ते तीन वर्षं नोकरी करून, असं माझं मत. फ्रेशर गेलात तर वर्गात सप्लायर म्हणजे काय हे फक्त स्लाइडवर दिसतं, रात्री दोनला माल अडकला म्हणून त्याला फोन केलेला नसतो. सहा-सात वर्षं झाली असतील तर दोन वर्षांचा कोर्स सोडा, हैदराबादच्या आयएसबीसारखा एक वर्षाचा बघा किंवा अहमदाबादचा अनुभवी लोकांसाठीचा एक वर्षाचा, तिथे जीमॅट ही परीक्षा चालते आणि तिचा स्कोअर पाच वर्षं टिकतो, कॅटसारखा वर्षात शिळा होत नाही. घरची जबाबदारी असेल, नोकरी सोडताच येत नसेल तर मुंबईत एमएमएम (मार्केटिंगचा), एमएफएम (फायनान्सचा) हे तीन वर्षांचे पार्ट टाइम कोर्स आहेत, संध्याकाळी लोकलमधून उतरून वर्गात बसणारे बरेच जण मी बघितलेत. प्लेसमेंटची अपेक्षा ठेवायची नाही, तुमच्याच कंपनीत वर सरकायला उपयोगी.

परीक्षांचं फार ताणत नाही कारण त्यावर माहिती पावलोपावली मिळते. कॅट साधारण नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी, तीन सेक्शन, प्रत्येकी ४० मिनिटं, बरोबरला ३ आणि पर्यायवाल्या प्रश्नात चुकलं तर १ वजा. इंजिनिअर मंडळी गणितात रमतात आणि इंग्रजीच्या सेक्शनला "बघू नंतर" म्हणतात आणि तिथेच कटऑफ हुकतो. उपाय एकच, रोज अर्धा तास आपल्या विषयाबाहेरचं इंग्रजी वाचायचं, तत्त्वज्ञान, कला, इतिहास, जे वाचताना झोप येते नेमकं तेच. आणि ९९ पर्सेंटाइल म्हणजे फार भारी असं वाटतं ना, परीक्षेला तीन लाखांच्या आसपास लोक बसतात, म्हणजे तुमच्यापुढे अजून तीन हजार उभे आहेत आणि अहमदाबादला सीट चारशेच्या आसपास. त्यात तुम्ही जनरल कॅटेगरीचा इंजिनिअर मुलगा असाल, ज्याला कोचिंगवाले जेम (जनरल, इंजिनिअर, मेल) म्हणतात, तर गर्दी सगळ्यात तुमच्याच रांगेत, कारण बऱ्याच आयआयएम वर्गात सगळेच इंजिनिअर नकोत म्हणून बाकीच्या शाखांना थोडे गुण जास्त देतात. दहावी-बारावीचे मार्कही धरतात, त्याचं आता काही करता येत नाही, सोडून द्या.

महाराष्ट्राची एमबीएची सीईटी वेगळीच जात आहे. २०० प्रश्न, १५० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ४५ सेकंद, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडून यायचं नाही, शेवटची तीन मिनिटं राखून ठेवायची आणि उरलेल्यांवर डोळे मिटून टिक करायचं. कॅटवाला अभिमान इथे आणला की संपलात, तिथे प्रश्न सोडायची सवय लागलेली असते.

कागदपत्रं मात्र आजच काढायला घ्या. ओबीसी असाल तर राज्याचा दाखला वेगळा आणि केंद्राच्या नमुन्यातला वेगळा, आयआयएमला केंद्राचा लागतो, आणि नॉन क्रीमी लेअरच्या दाखल्याची तारीख फॉर्ममध्ये मागितलीय त्या आर्थिक वर्षातलीच हवी, मागच्या वर्षीचा चालत नाही. सेतू केंद्रात "आम्हाला राज्याचाच माहितीये" असं सांगून परत पाठवतात, तेव्हा वेबसाइटवरचा नमुना प्रिंट काढून घेऊनच जायचं. राज्याच्या कॅप राऊंडला (सगळ्या कॉलेजांच्या एकत्रित प्रवेश फेरीला) जात पडताळणी लागते आणि तिला महिने लागू शकतात. माझा एक मित्र पर्सेंटाइल असून केवळ कागदापायी ओपनमधून भरायला लागल्यामुळे राहिला, त्याच्यासमोर आजही विषय काढत नाही आम्ही.

इंटरव्ह्यूला काय विचारतात? इंजिनिअरला पहिला प्रश्न ठरलेला, "सरकारने, आईबापांनी खर्च करून तुम्हाला इंजिनिअर केलं, आता हे कशाला?" इथे लीडरशिप, होलिस्टिक, डायनॅमिक असले शब्द काढलेत की समोरचे प्रोफेसर घड्याळाकडे बघतात. मी फिक्स्चरचा किस्सा सांगितला. सायकल टाइम, भट्टी, रात्रपाळी, सगळं, आणि मी कसा तोंडावर आपटलो तेही. मग वीस मिनिटं फक्त त्यावरच प्रश्न आले, भट्टीची कपॅसिटी वाढवायला किती खर्च आला असता, ऑर्डर वाढली असती तर बारा सेकंदांची किंमत काय झाली असती, ऑपरेटरने रात्रपाळी भत्ता जाणार म्हणून विरोध केला असता तर. या शेवटच्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी सरळ सांगितलं की हा विचारच केला नव्हता. त्यानंतर त्यांनी थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम विचारला. म्हणजे ग्रॅज्युएशनचे दोन-तीन विषय झाडून पुसून ठेवा, आयटीत गेलेल्या मेकॅनिकलवाल्यांना तर हमखास पकडतात. आणि तुमच्याकडे असा एक किस्सा हवा ज्यात आकडे आहेत आणि जो सांगताना तुम्हाला पाठ केल्यासारखं वाटत नाही. वर सांगितलेलं एक पानाचं काम त्यासाठी पण होतं.

वर्गात गेल्यावर पहिला महिना आपण इंजिनिअर लोक फार त्रास देतो, स्वतःला आणि दुसऱ्यांनापण. अकाउंट्समध्ये डेबिट-क्रेडिट उलटं का वाटतं यावर हुज्जत घालतो. केस स्टडी वाचून "सर, उत्तर काय?" असं विचारतो, आणि सर म्हणतात उत्तर नसतं, तुम्ही काय केलं असतं ते सांगा, तेव्हा अंगावर काटा येतो कारण आपल्याला उत्तर मागच्या पानावर बघायची सवय. माझ्या ग्रुपमध्ये एक बीएची मुलगी होती, सायकॉलॉजीवाली, आणि मार्केटिंगच्या प्रोजेक्टला आम्ही तीन इंजिनिअर एक्सेलमध्ये कॉलमवर कॉलम वाढवत बसलो होतो तोपर्यंत ती भाजीमार्केटमध्ये जाऊन दहा बायकांशी बोलून आली होती. तिच्या वहीतल्या दीड पानापुढे आमची शीट कचरा. तेव्हा ग्रुप निवडायची मुभा मिळाली तर चार इंजिनिअर मिळून बसू नका.

शेवटचं एक, जे कुणी आधी सांगत नाही. कॅटचा निकाल डिसेंबर-जानेवारीत, इंटरव्ह्यू फेब्रुवारी ते एप्रिल, फायनल लिस्ट लागता लागता एप्रिल-मे, आणि वर्ग जूनमध्ये. तुमचा नोटीस पीरियड ९० दिवसांचा असेल तर हे गणित बसतच नाही. ऑफर यायच्या आधी राजीनामा देऊ नका, माझ्या ओळखीच्या एकाने वेटिंग लिस्टच्या भरवशावर दिला आणि लिस्ट तीन नंबरवर येऊन थांबली. त्याऐवजी जानेवारीतच अपॉइंटमेंट लेटर काढून बायआउटचं (उरलेल्या नोटीसचे पैसे भरून सुटण्याचं) कलम वाचा, सुट्ट्या शिल्लक ठेवा, आणि मॅनेजर बरा असेल तर इंटरव्ह्यूचा कॉल आल्यावर त्याच्या कानावर घाला. माझ्या मॅनेजरने ४५ दिवसांत सोडलं, अट एवढीच की जायच्या आधी ते ५८ सेकंदांचं फिक्स्चर बसवून द्यायचं.

बसवलं. ५९ आले.